आठशे सदुसष्टावं बिऱ्हाड

हार्टवेल केबल कंपनीचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्या वाचनाला मला कंपनीविषयी आदर वाटू लागला. इतका निर्लज्ज मुद्दा इतक्या नम्र भाषेत मांडणं येरागबाळ्याचं काम नाही. पत्रातला मजकूर थोडक्यात असा: नॉर्डालचे रहिवासी आमच्यावर इतके चिडले आहेत की पुष्कळांनी केबल तोडून छपरावर डिश बसवली आहे. म्हणजेच आम्हाला गावात स्पर्धा निर्माण झाली आहे. जिथे स्पर्धा असते तिथे दर ठरवायला नगरपरिषद लागत नाही. सबब, जे लोक अजून आमच्याकडे राहिले आहेत त्यांचा साध्या केबलचा दर आम्ही साडेअकरा डॉलरवरून एकोणीस करत आहोत. आपले नम्र.

कायदा कंपनीच्या बाजूने होता, निदान होऊ शकत होता. गावातल्या शंभरातल्या पंधराहून जास्त बिऱ्हाडांकडे डिश असली तर वॉशिंग्टनच्या लेखी स्पर्धा सिद्ध होते. पंधरापर्यंत आम्ही कंपनीला ‘नाही’ म्हणू शकतो. पंधराच्या वर गेलो की आम्ही फक्त पत्र लिहू शकतो.

मी वेंडेल, नॉर्डाल नगरपरिषदेचा चिटणीस. राज्यशास्त्रात पदवी घेऊन आयोवात परत आलो आणि एकोणीस वर्षं कुत्र्यांचे परवाने देतो आहे. नोटरीचा शिक्काही माझ्याकडेच असतो. ते पत्र घेऊन मी अर्लिस टोर्व्हिकबाईंकडे गेलो. त्या परिषदेच्या सभासद, केबल समितीच्या अध्यक्ष आणि आठवीत मला नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या. हा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार मिळवायला त्यांनी तीन वर्षं अर्ज केले होते. बेथनी वृद्धाश्रमातल्या अडतीस म्हाताऱ्यांना सरकारकडून महिन्याला हातखर्चाला तीस डॉलर मिळतात. त्यातले एकोणीस टीव्हीला गेले तर उरलेल्या अकरात केस कापायचे की नातवाला वाढदिवसाचं कार्ड पाठवायचं, असा प्रश्न पडेल हे अर्लिसबाईंना ठाऊक होतं, कारण दर गुरुवारी ती कार्डं त्याच लिहून देत.

“कंपनी म्हणते किती डिश आहेत?”

“दोनशे बारा.”

“कुणाला विचारून म्हणते?”

“पिनकोडवरून काढलंय, बाई.”

“पिनकोडमध्ये निम्मी शेतं येतात. शेतकरी ओले सँडेमची डुकरंसुद्धा येतात.” त्यांनी चष्मा काढला. आठवीत चष्मा निघाला की परीक्षा आहे हे आम्ही ओळखायचो. “म्हणजे हद्दीतल्या डिश मोजायला हव्यात. शनिवारी. आपणच.”

आता हे सांगायला हवं की इतक्या डिश गावात आल्या कशा. आमचे नगराध्यक्ष डेल्मर ऑस्बी यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. मार्चमध्ये त्यांनी भर सभेत टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं, “केबलवाल्यांना धडा शिकवा!” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दुकानात सवलतीच्या दरात डिश ठेवल्या, सोबत भाजलेलं सॉसेज फुकट. चौऱ्याहत्तर डिश गेल्या. धडा कुणी कुणाला शिकवला हे समजायला जून उजाडला.

शनिवारी सकाळी सातला ल्यूथरन चर्चच्या तळघरात बेचाळीस माणसं हजर होती. सत्त्याण्णव सालच्या त्या जूनमध्ये नॉर्डालमध्ये बेचाळीस माणसं एकत्र यायला एक तर मयत लागायची किंवा केक. केक होतेच, रुबार्बच्या आंबट देठांचे, तीन. लोकांनी गावाचा नकाशा वाटून घेतला. दुर्बिणी निघाल्या, शिड्या निघाल्या. अग्निशमन दलाने आपली गाडी आणली आणि वरची शिडी उघडायला कारण मिळालं म्हणून दलाचे दोघे जण हसत सुटले.

दुपारपर्यंत गावभर आरडाओरडा चालला होता.

“एल्म स्ट्रीटवर अकरा!”

“बारा! लायलॅकच्या झुडपामागे एक आहे!”

“ते तर पाद्रीबाबांचं घर!”

“पाद्रीबाबांना फुटबॉल बघायला बंदी आहे का?”

सर्वांत मोठा जल्लोष झाला तो हार्टवेल कंपनीच्या स्वतःच्या लाइनमनच्या परसात. तिथे कोबीच्या वाफ्यात हिरव्या रंगाने रंगवलेली डिश निघाली. त्याची बायको दारात येऊन म्हणाली, “तो पक्ष्यांच्या अंघोळीचा टब आहे.” तिला कुणी उलट बोललं नाही. वहीत मात्र नोंद झाली.

चार वाजता बेरीज झाली. हद्दीतल्या डिश: एकशे तीस. जनगणनेतली बिऱ्हाडं: आठशे साठ. पंधरा टक्के म्हणजे एकशे एकोणतीस.

“एक,” मी म्हणालो. “एक डिश जास्त झाली.”

बेचाळीस माथी डेल्मरकडे वळली.

“माझी काढतो मी,” डेल्मर म्हणाला. “आत्ता काढतो. शिडी आण.”

“चालणार नाही. कंपनीने वॉशिंग्टनला अर्ज केला त्या तारखेला होती ती धरतात,” मी म्हणालो.

“मग मला असं बघू नका! सॉसेज तुम्ही सगळ्यांनी खाल्लंत!”

अर्लिसबाई फळ्याकडे गेल्या. रविवारच्या बालवर्गाच्या त्या फळ्यावर नोहाची नौका काढलेली होती. तिच्या शिडाखाली त्यांनी एक अपूर्णांक लिहिला.

“वरचा आकडा कमी होत नाही,” त्या म्हणाल्या. “मग खालचा वाढवायचा. एकशे तीस भागिले किती केलं की पंधरा टक्क्यांच्या आत बसतं? डेल्मर, तूच सांग.”

“शाळेत असतानाही मला नाही यायचं, अर्लिस.”

“आठशे सदुसष्ट. म्हणजे जनगणनेतून सुटलेली सात बिऱ्हाडं हवीत. सोमवारी संध्याकाळी सातच्या सभेत प्रतिज्ञापत्रं वाचायची. आठला पेट्रोल पंपावरून कुरियरची गाडी सुटते, तिच्यातून वॉशिंग्टनला पाठवायची. वेंडेल, बिऱ्हाड कशाला म्हणायचं ते वाच.”

मी वाचलं. ज्याचं दार वेगळं आणि चूल वेगळी, ते वेगळं बिऱ्हाड. मग छप्पर एक का असेना.

प्रत्येक जण आपल्या कॉफीच्या कपात काहीतरी हरवल्यासारखा बघू लागला. कारण वेगळी दारं आणि वेगळ्या चुली गावात किती आहेत हे सगळ्यांना पाठ होतं. फक्त त्यावर बोलायची पद्धत नव्हती. नॉर्डालमध्ये माणूस हवेबद्दल बोलतो, मक्याबद्दल बोलतो, दुसऱ्याच्या गुडघ्याबद्दलही बोलतो. घरातलं बोलत नाही. आणि त्या दिवशी सगळ्यांनी सगळीकडे पाहिलं, फक्त अर्लिसबाईंकडे पाहिलं नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या ऑक्टोबरात हार्लन टोर्व्हिक बेसबॉलचा अंतिम सामना ऐकायला रेडिओ घेऊन गॅरेजवरच्या खोलीत गेला तो खाली आलाच नाही. तिथे त्याचा वेगळा जिना, वेगळं दार आणि दोन कॉइलची विजेची शेगडी. नऊ वर्षं झाली. दर रविवारी दोघं चर्चमध्ये डावीकडच्या चौथ्या बाकावर शेजारी बसत. मधे बाईंची हँडबॅग. कुणी विचारलं की बाई म्हणत, “हार्लन बरा आहे.” आम्ही म्हणत असू, “छान.” आठशे साठमध्ये तो स्वतंत्र मोजलेला नव्हता, हे तो अपूर्णांक लिहिणाऱ्या बाईंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

रविवारी उपासना संपल्यापासून माझ्या कचेरीच्या मागच्या दाराशी माणसं येऊ लागली. नॉर्डालमध्ये पुढचं दार फक्त पोस्टमनसाठी असतं.

पहिले आले एंगेब्रेट्सन बंधू, पण एकत्र नाही. आधी वरच्या मजल्यावरचा मिलो आला. “मी वर राहतो. तो खाली राहतो. एकोणीसशे चौऱ्याहत्तरपासून. ट्रॅक्टरवरून झालं होतं.” त्याने सही केली, टोपी घातली आणि गेला. वीस मिनिटांनी खालच्या मजल्यावरचा ऑर्लिन आला. “तो आला होता का?”

“आला होता.”

“काय म्हणाला?”

“तुम्ही खाली राहता म्हणाला.”

“बरोबर आहे,” ऑर्लिन म्हणाला. तेवीस वर्षांत भावाने सांगितलेली पहिलीच गोष्ट त्याला पटली होती. तोही जरा चकित झालेला दिसला. जनगणनेत दोघांचं मिळून एक बिऱ्हाड होतं. आता दोन झाली. आठशे एकसष्ट.

मग बँकेच्या मॅनेजरच्या तळघरातला भाडेकरू आला, ज्याला त्या वस्तीत भाड्याने राहायची परवानगी नव्हती. “मॅनेजरनेच पाठवलंय,” तो म्हणाला. “दंड झाला तर तो भरणार, पण केबलवाल्यांना जिंकू देणार नाही म्हणाला.” मग औषधवाल्याची सासू, सुनेशी पटत नसलेली बेकरीवाली बाई, शिलाईच्या दुकानावर राहणारे नवे पियानो शिक्षक. सोमवारी दुपारपर्यंत माझा शिक्का गरम झाला होता. डेल्मर दर तासाला फोन करत होता. “किती?” “पाच.” “किती?” “अरे सहाच अजून.” चार वाजता बसडेपोच्या मागच्या खोलीतून वॉल्टर ग्रीब आला आणि मी टेबलावर मूठ आपटली. सात!

मी धावत अर्लिसबाईंकडे गेलो.

“सात झाली, बाई. तुमची गरज नाही.”

त्या अंगणात टोमॅटोला काठ्या बांधत होत्या. गॅरेजच्या वरच्या खिडकीतून रेडिओ ऐकू येत होता. त्या एकदम पायरीवर बसल्या. बायबलवर हात ठेवून द्यायची साक्ष टळली की माणूस बसतो तशा.

“सात,” त्या म्हणाल्या. “छान.” आणि मग, खिडकीकडे न पाहता, “मी तयार होते हो, वेंडेल. म्हणजे, बहुतेक.”

सभा आठव्या चॅनेलवर दाखवतात. कंपनीचाच चॅनेल, करारानुसार फुकट. एरवी ती बघणारी दोनच माणसं: बेथनीतली मिसेस क्लावे आणि तिचं मांजर. पण त्या सोमवारी डिश घेतलेल्या एकशे तीस घरांना कळलं की डिशवर आठवा चॅनेल येत नाही, आणि सगळे केकचे तुकडे घेऊन केबल असलेल्या शेजाऱ्यांकडे गेले. नगरपरिषदेच्या सभागृहात बसायला जागा नव्हती. कंपनीतर्फे मिनियापोलिसहून वकील आले होते, मिस्टर कीन. राखाडी सूट, बारीक हसू.

मी प्रतिज्ञापत्रं वाचली. एंगेब्रेट्सन बंधूंचं वाचताना दोघं सभागृहाच्या दोन भिंतींना टेकून उभे होते. सातवं संपताच टाळ्या पडल्या. कीनसाहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि कपाळ पुसलं.

“आठशे सदुसष्ट!” डेल्मर ओरडला. “आणखी कुणाला काही म्हणायचंय?”

ही फक्त पद्धत असते. कुणी काही म्हणत नाही. पण दुसऱ्या रांगेत व्हिव्हियन रूड उभी राहिली. सत्तरीची विधवा, चर्चच्या गायनवृंदात खालच्या पट्टीत गाणारी.

“मला वाटतं मी सांगायला हवं,” ती म्हणाली. “सगळे इतकं खरं बोलताहेत. माझं पाइन स्ट्रीटवरचं घर तुमच्या आठशे साठमध्ये धरलंय. मी तिथे मार्चपासून राहत नाही. रिकामं आहे. मी इंगवाल्डकडे असते.”

इंगवाल्ड शेजारीच होता. त्याने मान हलवली. “चूल एकच आहे,” तो म्हणाला. “माझी. तिची बरी नाही.”

“व्हिव्हियन!” डेल्मरच्या तोंडून निघालं. “हे आत्ताच सांगायचं होतं?”

“मग कधी? तू शपथेवर आकडा पाठवणार, तो खोटा निघाला तर?”

कीनसाहेब इतक्या झटकन उभे राहिले की खुर्ची पडली. “आठशे सहासष्ट. हे नोंदवावं. एकशे तीस भागिले आठशे सहासष्ट, पंधरा टक्क्यांच्या वर. जेमतेम, पण वर.”

घड्याळात सात वाजून एकतीस मिनिटं झाली होती. कुणी कुणाला दोष दिला नाही; व्हिव्हियनने केलं ते चूक आहे असं म्हणणारा त्या खोलीत एकही नव्हता, आणि हाच आमच्या गावाचा मोठा तोटा आहे. सगळे आपापल्या बुटांकडे पाहत होते. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा तेवढा समोर बघत होता.

अर्लिसबाईंनी आपल्यासमोरचा माइक बंद केला. उठल्या, टेबलाला वळसा घालून नागरिकांच्या माइकसमोर आल्या. तिथे बोलणाऱ्याने आधी नाव आणि पत्ता सांगायचा असतो.

“अर्लिस टोर्व्हिक. चारशे बारा, मेपल स्ट्रीट,” त्या म्हणाल्या. आवाज आठवीतल्यासारखाच होता. “चारशे बारामध्ये मी एकटी राहते. माझा नवरा गॅरेजच्या वर राहतो. नऊ वर्षं. दार वेगळं. चूल वेगळी. एवढंच.”

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “छान.” त्या क्षणी त्याहून मोठा शब्द आमच्याकडे नव्हता.

“दुसऱ्या बिऱ्हाडाची सही लागेल,” कीनसाहेब म्हणाले. “आणि चूल पाहिल्याशिवाय कंपनी ते मान्य करणार नाही.”

“मग चला!” डेल्मर म्हणाला. “सभा अर्धा तास तहकूब!”

आणि सगळं सभागृह मेपल स्ट्रीटकडे निघालं. उन्हं अजून छपरांवर होती. पुढे बाई, मागे शिक्का खिशात टाकून मी, कीनसाहेब चकचकीत बुटांत, मग डेल्मर, मग दीडशे माणसं. वाटेत टीव्ही सोडून घराघरातून लोक बाहेर येत होते. अग्निशमन दलाची गाडी विनाकारण मागोमाग आली.

गॅरेजच्या जिन्याशी बाई थांबल्या. नऊ वर्षांत त्या तो जिना चढल्या नव्हत्या. चढल्या. दार ठोठावलं.

“कोण?”

“मी.”

रेडिओ बंद झाला. “दार उघडंच आहे.”

आत एक खाट, वर्तमानपत्रांची चळत आणि शेगडीवर कॉफीचं भांडं. हार्लनने एकदा बाईंकडे, एकदा खाली जमलेल्या गर्दीकडे आणि एकदा वकिलाच्या सूटकडे पाहिलं.

“कॉफी घेणार?” तो म्हणाला.

“नको, नको,” बाई म्हणाल्या.

मी घड्याळ पाहिलं. सात त्रेचाळीस. आमच्याकडे पहिल्या विचारण्याला ‘हो’ म्हणणं हे ताटातलं ओरबाडून घेण्यासारखं आहे. दुसऱ्याला म्हणणं हावरेपणा आहे.

“केलेलीच आहे. घे थोडी.”

“अरे, कशाला उगीच.”

खालून डेल्मर ओरडला, “घे म्हणावं तिला! आठला गाडी सुटते!”

“टोर्व्हिकसाहेब,” कीन म्हणाले, “आपण स्वतंत्र राहता हे खरं?”

“थांबा,” हार्लन म्हणाला. “ती अजून ठरवतेय.” आणि तिसऱ्यांदा, जरा हळू, “अर्लिस, एकच कप.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “अर्धा.”

त्याने पूर्ण ओतला. मग वकिलालाही दिला. मिनियापोलिसच्या वकिलांनी पहिल्यांदाच ‘हो’ म्हटलं. आम्ही ते मनावर घेतलं नाही.

“आपल्याकडे केबल आहे?”

“रेडिओ आहे.”

“डिश?”

“रेडिओ आहे म्हटलं ना.”

“आणि आपण वेगळं का राहता, हे विचारलं तर—”

“तो प्रश्न फॉर्मवर नाही,” हार्लन आणि अर्लिसबाई एकाच वेळी म्हणाले, आणि मग दोघांनीही खिडकीबाहेर पाहिलं.

सही झाली. मी जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून शिक्का मारला. सात बावन्न. मिलो एंगेब्रेट्सनने पाकीट हिसकावलं आणि पिकअपमध्ये उडी मारली. गाडी सुरू होईना. तेव्हा ऑर्लिनने आपली आणली. त्याने दार उघडलं, मिलो बसला, आणि दोघं पंपाकडे सुसाट गेले. आठला दोन मिनिटं असताना पंपाकडून भोंगा ऐकू आला, लांबलचक, आणि मेपल स्ट्रीटवर टोप्या उडाल्या. व्हिव्हियनने इंगवाल्डचा मुका घेतला, सगळ्यांदेखत. आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

बाईंनी कप संपवला. मग, मी ऐकलं, त्या म्हणाल्या, “पातळ करतोस.”

“मला पातळच आवडते.”

“माहीत आहे.”

यानंतर आली खरी अडचण. कंपनीने हरकत नोंदवली: दोन कॉइलची शेगडी म्हणजे चूल नव्हे, आणि निकाल लागेपर्यंत पुन्हा तपासणीचा हक्क कंपनी राखून ठेवत आहे. इकडे अर्लिसबाई रोज दुपारी तीनला जिना चढू लागल्या. पहिल्या आठवड्यात अर्धा कप. जुलैमध्ये पूर्ण. ऑगस्टमध्ये त्या वर जाताना लिंबाचा केक नेऊ लागल्या आणि उतरायला पाच वाजू लागले. गावाचा जीव टांगणीला. डेल्मर दोनदा त्यांना भेटून आला.

“अर्लिस, आम्ही सगळे तुमच्यासाठी आनंदी आहोत. पण नोव्हेंबरात निकाल लागेपर्यंत जरा दम धरा.”

“आम्ही कॉफी पितो, डेल्मर.”

“तेच म्हणतोय. कॉफीच प्या. त्याच्या चुलीवरच प्या.”

चर्चमध्ये चौथ्या बाकावरची हँडबॅग सप्टेंबरात बाईंच्या पायाशी गेली. दीडशे माणसांनी ते पाहिलं आणि दीडशे माणसं स्तोत्राच्या पुस्तकात डोकं खुपसून गाऊ लागली.

वॉशिंग्टनचं पत्र नोव्हेंबरच्या अठरा तारखेला आलं. आठशे सदुसष्ट मान्य. शेगडी ही चूल मान्य. दर साडेअकरा. मी आधी बेथनीत फोन केला. मिसेस क्लावेने अख्ख्या मजल्याला ओरडून सांगितलं आणि फोनमधून मला अडतीस म्हातारे टेबलं बडवताना ऐकू आले. मग मी अर्लिसबाईंना फोन लावला.

“जिंकलो, बाई!”

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

“छान,” त्या म्हणाल्या. आणि मग, “वेंडेल, यापुढे गावातल्या बिऱ्हाडांचा आकडा बदलला तर कुणाला कळवावं लागतं का?”

“निकाल लागल्यावर नाही.”

“मग ठेव फोन. हार्लन रेडिओ घेऊन जिना उतरतोय, आणि त्याचे गुडघे आता पहिल्यासारखे नाहीत.”

पुढची जनगणना दोन हजार साली होती. मी रजिस्टर बंद करून ठेवलं.